क्रोनिनने दवाखाना सोडला, मी सोडू का?

जुळे_सोलापूर:
एमबीबीएस होऊन सात वर्षं झाली. जुळे सोलापुरात छोटा दवाखाना आहे. रात्री लिहितो. कादंबरीची साठ पानं झाली आणि तिथेच अडलोय. परवा ए. जे. क्रोनिन या स्कॉटिश डॉक्टर-कादंबरीकाराबद्दल वाचलं. १९३० मध्ये त्याला ड्युओडेनल अल्सर (लहान आतड्याच्या सुरुवातीला होणारा व्रण) झाला, सक्तीची विश्रांती मिळाली, त्यात तीन महिन्यांत 'हॅटर्स कॅसल' ही कादंबरी लिहून काढली. १९३१ मध्ये ती छापून आली आणि तो पुन्हा डॉक्टरकीकडे वळलाच नाही. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, वर्षभर दवाखाना बंद ठेवावा का? बायको म्हणाली, कुणाला तरी विचार आधी.

पूर्वभाग_डॉक्टर:
सोलापूरच्याच पूर्व भागात अडतीस वर्षं प्रॅक्टिस केली, आता थांबले. क्रोनिनची 'सिटाडेल' ही कादंबरी इंटर्नशिपमध्ये वाचली होती, म्हणून राहवत नाही.

तुम्हाला ते तीन महिने दिसतात, मला त्याआधीची दहा वर्षं. १९१९ मध्ये ग्लासगोहून डॉक्टर झाला. १९२१ मध्ये वेल्समधल्या ट्रेडेगरला, कोळशाच्या खाणीच्या गावात गेला. तिथे कामगारांच्या पगारातून थोडे थोडे पैसे कापले जायचे आणि त्यातून गावाचं औषधपाणी चालायचं. १९४८ मध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा उभी करणारा अनायरिन बेव्हन त्याच गावचा! १९२४ मध्ये क्रोनिन खाणींचा वैद्यकीय निरीक्षक झाला, कोळशाची धूळ फुफ्फुसांचं काय करते ते त्याने जवळून पाहिलं. १९३७ च्या 'सिटाडेल'मधला डॉक्टर मॅन्सन हेच तर करतो.

आपल्याकडे कोळसा नव्हता, कापूस होता. मिलच्या ब्लो रूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करून साफ करतात त्या खात्यात, आयुष्य घालवलेले एक मामा यायचे. म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, सुट्टी संपवून गेलं की पहिल्या दिवशीच छाती आवळायची. मग दोन दिवसांत कमी व्हायचं." बिसिनोसिसचं, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचं, पुस्तकातलं लक्षण हेच, पण मला ते कळलं त्यांच्या तोंडून. बाहेर बाकावर बसल्या बसल्याच शर्टाची वरची दोन बटणं काढून ठेवायचे. माझा वेळ जाऊ नये, मागच्याचा खोळंबा होऊ नये म्हणून. तुमच्या साठ पानांत अशी बटणं आहेत का, तेवढं बघा.

वाचनालयवाला:
'सिटाडेल'वरूनच विजय आनंदने १९७१ मध्ये 'तेरे मेरे सपने' काढला, देव आनंद खाणीच्या गावातला डॉक्टर. आणि ती साठ पानं टाकू नका हो. क्रोनिननेही मध्येच वैतागून हस्तलिखित कचऱ्यात फेकलं होतं. विश्रांतीला गेला होता तिथला एक म्हातारा शेतकरी दलदलीत चर खणत होता, त्याच्याशी बोलणं झालं आणि हा परत फिरला. भिजलेला गठ्ठा उचलून स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये वाळवला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

जुळे_सोलापूर:
मॅडम, पानं पुन्हा वाचली. नायक पुण्यात जाहिरात कंपनीत आहे. मी तसलं ऑफिस आतून कधी पाहिलेलंच नाही. एकही पेशंट नाही साठ पानांत. पण दवाखाना चालू ठेवून वेळ काढायचा कुठून?

पूर्वभाग_डॉक्टर:
दुपारी बंद असतो ना? आपल्या उन्हाळ्यात दोन ते पाच कुणी फिरकत नाही. एसी लावून झोपू नका, लिहा. आणखी एक संध्याकाळ बंद ठेवा, पेशंट आठवड्याभरात सरावतात. वर्षभर बंद ठेवलात तर मात्र ते दुसरीकडे जातील, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही.

एकच जपा. नाव बदलून भागत नाही. गल्ली, धंदा, मुलं किती, सगळं बदला. मी एका दिवाळी अंकात कथा दिली होती, नाव तेवढं बदललं होतं. एका बाईंनी त्यात आपली सून ओळखली. भांडल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत, फक्त यायच्या थांबल्या. त्यांच्या मुलाचं बीपी मी बघत होते, तेही मध्येच राहिलं.