प्रतिसाद: न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य का नाही?

वर विचारलंय, न्यूट्रिनो (कशातूनही सहज आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) एवढे आहेत तर तेच कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) का नसावं? संख्या अफाटच आहे. काल रात्री इंदूरच्या सराफ्यात शिकंजीचा ग्लास हातात धरला, त्यातसुद्धा दर घनसेंटिमीटरला आदिविश्वातले सुमारे ३३६ न्यूट्रिनो होते! पण ते फार हलके. सुरुवातीला जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारे. ते एका जागी टिकलेच नसते, त्यामुळे दीर्घिका ज्यांतून वाढल्या ती द्रव्याच्या गुठळ्यांची बीजं त्यांच्यामुळे टिकली नसती.

मला मोलाची वाटते ती विश्वाच्या सुरुवातीबद्दलची त्यांची साक्ष. महास्फीतीनंतर (म्हणजे सुरुवातीच्या क्षणार्धात विश्व प्रचंड फुगलं, त्यानंतर) विश्व पुन्हा तापलं, ते ऊर्जेच्या एककात निदान ४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे तापमानात साडेचार हजार कोटी केल्विन तरी. नाहीतर न्यूट्रिनो पुरेसे बनले नसते आणि हेलियमचं प्रमाण बिघडलं असतं. कृष्णद्रव्याचे कण किती बनले, हेही बऱ्याच सिद्धान्तांत याच तापमानावर ठरतं.