'नैसर्गिक' फिलरबद्दल थोडं

ताई, ओठ वगैरे भरायला त्वचेखाली टोचतात त्या फिलरच्या जेलबद्दल पार्लरवालीने तुम्हाला "हे नैसर्गिक आहे, काही होत नाही" असं सांगितलं म्हणता, म्हणून लिहितेय. या फिलरमधलं हायलुरॉनिक ॲसिड आपल्या त्वचेत असतंच, पण ते एक-दोन दिवसांत विरतं. सिरिंजमधलं जेल सहा महिने ते वर्षभर टिकतं, कारण बहुतेक जेलमध्ये त्याच्या साखळ्या बीडीडीई नावाच्या रसायनाने एकमेकींना बांधलेल्या असतात.

माझ्या मावसबहिणीने लग्नाआधी नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पार्लरमध्ये ओठ भरून घेतले. तासाभरात वरच्या ओठाची एक बाजू पांढरीफटक पडली, मग जाळीसारखे निळसर डाग उमटले. ठणका इतका, की पाण्याचा घोटही घेववेना. पार्लरचं उत्तर: "सूज आहे, बर्फ लावा." त्वचारोगतज्ज्ञांनी बघताच ओळखलं, जेलने रक्तवाहिनी अडली होती. हे जेल विरघळवणाऱ्या हायलुरॉनिडेजची इंजेक्शनं दिली, ओठ वाचला. त्या रात्री मी तिचा हात धरून बसले होते, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

हा उतारा हायलुरॉनिक ॲसिडवरच चालतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइटचं फिलर त्याने विरघळत नाही, आणि सिलिकॉन कुणी टोचत असेल तर तिथून उठूनच या. नाक, आणि दोन भुवयांच्या मधली जागा, ही ठिकाणं सर्वांत धोक्याची. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, जेल उलटं सरकलं तर दृष्टी जाऊ शकते.

सीलबंद खोका तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या, हायलुरॉनिडेज जवळ आहे का ते विचारा. आणि आधी सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत एकदा दाखवून या.