मदत हवी आहे: आयटीआय इलेक्ट्रिशियनचा बायोडाटा, बुटीबोरीतून फोन येत नाही

समुद्रपूर_इलेक्ट्रिशियन:
नमस्कार. इलेक्ट्रिशियन ट्रेड, 2023 पास. पुढे एक वर्षाची अप्रेंटिसशिप पूर्ण, एनएसी (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) हातात आहे. बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्सच्या जागांसाठी बायोडाटा पाठवतो आहे, पण फोन येत नाही. बायोडाटा नेट कॅफेतून केलेला, दोन पानांचा. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो आणि स्किल्स. अनुभवात फक्त अप्रेंटिसशिप टाकली आहे. गावात पंपाची कामं करतो, जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) एक सीझन केला, पण त्याचं सर्टिफिकेट नाही म्हणून ते लिहिलं नाही. काय बदलू?

पॅनलवाला:
भाऊ, जिनिंग काऊन सोडलं? तुझ्या बायोडाटातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. आयटीआय आणि एनएसी तर अर्ज करणाऱ्या बहुतेकांकडे असते. चालत्या कारखान्यात, सीझनच्या लोडवर हात चालवलेला माणूस मेंटेनन्सवाल्याला पाहिजे असतो.

'जिनिंगमध्ये काम केले' एवढंच लिहू नको. मशीन, काम आणि महिने लिही. असं: 'जिनिंग-प्रेसिंग युनिट, हिंगणघाट तालुका, नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025, इलेक्ट्रिकल हेल्पर. डीओएल व स्टार-डेल्टा स्टार्टरची देखभाल, कॉन्टॅक्टर बदलणे, ओव्हरलोड रिले सेट करणे, पॅनलमधील रुईची धूळ ब्लोअरने काढणे.' महिने तुझे खरे टाक. रुईची धूळ पॅनलमध्ये साचली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि जोडणी ढिली असली तर ठिणगीने तीच रुई पेट घेते. सूतगिरणीतल्या मेंटेनन्स इंजिनिअरला ही एक ओळ वाचून समजते की पोराने काम पाहिलं आहे.

पंपाचंही तसंच. '3 ते 7.5 एचपी थ्री-फेज सबमर्सिबल: स्टार्टर जोडणी, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवणे, मेगरने वाइंडिंगचे इन्सुलेशन तपासणे.' आपल्याकडे एक फेज गेला की मोटार जळते, म्हणून हे काम गावोगावी चालतं. ते फॅक्टरीतही लागतं. सर्टिफिकेट नसलं तरी चालते. जिनिंगच्या सुपरवायझरला विचारून त्यांचा नंबर जवळ ठेव, मागितला तरच दे.

एचआर_नागपूर:
वरचं अगदी बरोबर. आता कागदाबद्दल. निळा पट्टा काढून टाका. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर बायोडाटा आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, टेबल, टेक्स्ट बॉक्स असले की डावी-उजवी ओळ एकमेकांत मिसळते. हेडरमधला मोबाइल नंबर तर कधीकधी पूर्ण गळतो.

तपासायला सोपं आहे. पीडीएफ मोबाइलवर उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे जसं दिसेल, साधारण तसंच सॉफ्टवेअरला दिसतं. काहीच कॉपी झालं नाही तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. मराठी बायोडाटा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर पीडीएफ दिसायला नीट, पण पेस्ट केल्यावर अगम्य अक्षरं येतात. कॅफेवाल्याला युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा. एमआयडीसीसाठी मात्र साध्या इंग्रजीतलाच पाठवा, जाहिराती त्याच भाषेत असतात आणि शोधही त्याच शब्दांनी घेतला जातो. जाहिरातीत 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' असेल आणि ते तुम्ही केलं असेल, तर तोच शब्द वापरा.

एकच पान, एकच रकाना, अक्षर 11 आकाराचं. ठेकेदार आणि सुपरवायझर मोबाइलवरच पाहतात, म्हणून वरच्या चार ओळींत सगळं आलं पाहिजे: नाव, 'इलेक्ट्रिशियन, आयटीआय 2023, अप्रेंटिसशिप पूर्ण', मोबाइल, गाव-तालुका. त्याखालीच 'बुटीबोरीत राहण्याची व तिन्ही शिफ्टची तयारी' असं लिहा, पण खरंच तयारी असेल तरच. लांबच्या गावचा पत्ता दिसला की हा रोज कसा येणार, ही शंका वाचणाऱ्याला पहिली येते.

'अप्रेंटिसशिप पूर्ण' वरतीच का? पुष्कळ कंपन्या अप्रेंटिस आणि कामगार वेगवेगळे घेतात. तुम्ही कुठल्या यादीत बसता ते शोधायला कोणी खालपर्यंत येत नाही.

करिअर ऑब्जेक्टिव्हचा परिच्छेद, छंद, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, शेवटचं डिक्लरेशन हे सगळं काढा. आधार नंबर तर कधीच नको. तो बायोडाटा व्हॉट्सअॅपवर कुठे कुठे फिरेल ते आपल्या हातात नाही.

शिल्पनिदेशक_वर्धा:
एक जपा. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येतो. स्टार-डेल्टा लिहिलं की विचारतात, सुरुवातीचा लाइन करंट किती होतो? डीओएलच्या, म्हणजे मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू केल्याच्या, एक तृतीयांश, आणि टॉर्कही (फिरवण्याचा जोर) एक तृतीयांशच मिळतो, म्हणून जड लोड घेऊन मोटार सुरू होत नाही. कारणासकट सांगता आलं पाहिजे. पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर) फक्त पाहिला असेल तर लिहू नका, पोरं तिथेच अडकतात. वायरमनचा परवाना काढला असेल तर तो स्वतंत्र ओळीत, क्रमांकासह.

समुद्रपूर_इलेक्ट्रिशियन:
खूप आभार सगळ्यांचे. परवाना अजून नाही, काढतो. जिनिंगच्या आधी सहा-सात महिने पोलीस भरतीची तयारी केली, ती जागा रिकामी दिसते. तिथे काय लिहू?

एचआर_नागपूर:
'पोलीस भरतीची तयारी, सोबत गावात पंप दुरुस्ती', आणि महिने. त्यात लपवण्यासारखं काही नाही, विदर्भातल्या बऱ्याच बायोडाटांत ते असतं. लपवलं आणि तारखा जुळल्या नाहीत तर मात्र संशय येतो. भरती निघाली तर नोकरी सोडणार का, हे हमखास विचारतील. उत्तर घरी बसून आधी ठरवा.

पॅनलवाला:
अन् गावात रेंज जाते ना? दुसरा नंबर टाक, पुढे 'भाऊ' किंवा 'वडील' असं लिही. ठेकेदार एकदाच फोन लावते, नाही लागला की खालच्या नावाला लावते. फाइलला 'बायोडाटा न्यू फायनल' नाव नको ठेवू. तुझं नाव, इलेक्ट्रिशियन, समुद्रपूर, एवढं पुरे. नवीन केलेला नाव-नंबर झाकून इथे टाक, ओळीओळीनं पाहून देतो.