यंदा येताना आणायची चॉकलेटे

मीनाआत्या, लंडन: दादा, वहिनी आणि मुलांनो, मी ११ डिसेंबरला पुण्यात पोहोचते आहे. दरवर्षीप्रमाणे सर्वांच्या यादीत इकडची जांभळ्या वेष्टनातली कॅडबरी आहे. यंदा मी ती आणणार नाही, आणि पिशवी उघडल्यावर मुलांचा हिरमोड होण्यापेक्षा त्यामागचे कारण आधीच सांगितलेले बरे.

आपल्या घरात कोणत्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात, त्यामुळे लंडनला आल्यावरही दुसरे काही घ्यावे असे मला कधी वाटले नाही. २००९ साली इकडच्या डेअरी मिल्कवर फेअरट्रेडची, म्हणजे कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्याला किमान भाव मिळावा यासाठी नियम ठरवणाऱ्या संस्थेची, निळी-हिरवी खूण आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. २०१६ मध्ये कंपनीने ती व्यवस्था सोडून 'कोको लाइफ' ही स्वतःची योजना स्वीकारल्याचे जाहीर केले. फेअरट्रेड संस्था त्या योजनेत भागीदार म्हणून राहिली, हे खरे. पण किमान भाव आणि त्यावरची जादा रक्कम, म्हणजे प्रीमियम, यांचे नियम पूर्वी बाहेरच्या संस्थेचे होते आणि आता योजना माल विकत घेणाऱ्याचीच आहे, हा फरक मला मोठा वाटतो. वेष्टनाचा रंग तोच राहिल्यामुळे तो माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला, याचे मला वाईट वाटते.

दादा: मीना, तुझा हेतू चांगला आहे. परंतु २०२४ च्या डिसेंबरात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. मग तिथल्या शेतकऱ्याला आपल्या मदतीची गरज काय? शिवाय आईला सवय त्याच चवीची आहे.

मीनाआत्या, लंडन: दादा, भाऊ वाशीला हापूसच्या पेट्या पाठवायचे, ते आठव. पट्टी, म्हणजे दलालाकडचा विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत भाव कळत नसे, आणि आली की भाडे, हमाली, दलाली वजा जाता उरलेला आकडा ते दोनदा वाचून कागदाची घडी खिशात ठेवत. मुंबईत पेटी चढ्या भावाने विकली गेल्याचे आपण वर्तमानपत्रात वाचत होतो, पण ते पैसे आपल्या ओटीवर कधी आले नाहीत. घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवते आणि बराचसा माल आगाऊ विकलेला असतो, त्यामुळे ती तेजी त्यांच्यापर्यंत फार थोडी पोहोचली. किमान भावाचा आधार लागतो तो बाजार कोसळतो तेव्हा, आणि २०१६-१७ मध्ये तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला होता. फेअरट्रेडने २०१९ च्या ऑक्टोबरपासून टनाला किमान २,४०० डॉलर भाव आणि २४० डॉलर प्रीमियम ठरवला. प्रीमियमचे पैसे विहिरीला लावायचे की शाळेला, हे सहकारी संस्थेचे सभासद ठरवतात.

फेअरट्रेडची खूण असली म्हणजे बालमजुरी नाहीच, असे मी म्हणणार नाही. शिकागो विद्यापीठाच्या 'नॉर्क' संस्थेने २०२० च्या अहवालात या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुले असल्याचे नोंदवले आहे. कोकोचे फळ झाडावरून काढायला आणि फोडायला कोयता लागतो, आणि तो आपल्या ओमच्या वयाच्या मुलांच्याही हातात असतो. बापाला पुरेसा भाव मिळाला नाही, तर गडी लावायला पैसे कुठून येणार?

मी 'डिव्हाइन' आणणार आहे. घानात १९९३ साली स्थापन झालेल्या 'कुआपा कोकू' या शेतकरी संघाचा त्या कंपनीत मालकी हिस्सा आहे. त्याच्या वेष्टनावर तिकडची पारंपरिक आदिंक्रा चिन्हे छापलेली असतात, ती ओमला आवडतील. चव वेगळी आहे, हे मान्य करते. मलाही रुळायला महिनाभर लागला.

वहिनी: मीना, तुझा मजकूर आईंना दुपारी वाचून दाखवला. पट्टीचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्यांच्यासाठीही तेच नवे चॉकलेट आण, मात्र दुधाचे आण. कडू त्यांना चालणार नाही.