वाटीच्या फ्रॅक्चरनंतर गुडघा ७० अंशांवर अडकलाय, हाताने कुठून सुरुवात करावी?

फिजिओ_लातूर:
पेशंट ४६ वर्षांच्या, शेतमजूर. वाटीचं आडवं फ्रॅक्चर, टेन्शन बँड वायरिंगला (तारेने तुकडे बांधायचं ऑपरेशन) १२ आठवडे झालेत. हाड जुळलंय, सर्जननी पूर्ण वजन टाकायला सांगितलंय. पण गुडघा ७० अंशांवर अडतो आणि वाटीच्या वर ओढ बसते. पाय सरळ उचलताना शेवटचे १० अंश येत नाहीत. व्रण खाली चिकटलाय. त्यांना उकिडवं बसून खुरपायचंय. फॅशियावर (स्नायूंभोवतीचं पातळ आवरण) काम कुठून सुरू करू?

अंबाजोगाईकर_थेरपिस्ट:
मांडी नंतर, आधी वाटी. गुडघा वाकताना वाटी खाली सरकावी लागते. ती अडकली असेल तर मांडी तासभर चोळूनही उपयोग नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी पूर्ण ढिली, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जाळीने वाटीची वरची कड धरून पायाकडे हळू सरकवा. वाटी हाडावर दाबू नका, फक्त सरकवा.

मग खरी जागा. वाटीच्या चार बोटं वर स्नायू दोन्ही बाजूंनी धरून मांडीच्या हाडापासून उचला आणि आडवा हलवा. तिथला सांध्याचा पदर बहुतेकदा आतल्या आत चिकटलेला असतो, 'वर ओढ बसते' ती त्यामुळेच. बाहेरच्या बाजूला, आयटी बँड (मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा जाड पट्टा) आणि स्नायूच्या मधल्या खाचेत बोटाच्या पेराने एकाच जागी खोल, संथ घर्षण, २ ते ४ मिनिटं. दुखणं निम्म्यावर आलं की जागा बदला. तेल लावू नका, बोट घसरतं आणि थर हाती लागत नाही.

व्रणावर खपली नसेल तरच कातडी चिमटीत धरून आडवी फिरवा.

नांदेड_ऑर्थोफिजिओ:
वरचं बरोबर, पण हाताने मिळालेले अंश लगेच वापरले नाहीत तर संध्याकाळपर्यंत जातात. उठायच्या आधीच टाच सरकवत गुडघा वाकवणं, मग खाटेच्या काठावर बसून स्वतःच्या ताकदीने वाकवणं. कमी पडणाऱ्या १० अंशांसाठी मांडी आवळून १० सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा. नुसत्या वाकण्याच्या मागे लागलात तर चालताना पाय लचकेल. सेशनच्या आधी आणि नंतर गोनिओमीटर (सांध्याचे अंश मोजायचं साधन) लावा, टेपने गुडघ्याचा घेरही मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी घेर वाढलेला, गुडघा गरम, म्हणजे दाब जास्त झाला.

फिजिओ_लातूर:
वाटीच्या वर कातडीखाली तारेचं टोक लागतंय, तिथे?

अंबाजोगाईकर_थेरपिस्ट:
तिथे हात नको ताई, सर्जनना दाखवा. पोटरी एकाच बाजूची सुजली, दाबल्यावर दुखली तर आधी डॉप्लर (शिरेत रक्ताची गुठळी आहे का ते बघणारी सोनोग्राफी), मग बाकी सगळं. मांडीत कडक गाठ लागली तर एक्स-रे. घरी कोणी जोरात तेल चोळून देत असेल तर आजच थांबवा, स्नायूत हाड तयार होऊ शकतं. उकिडवं बसायला १३० च्या वर लागतं. ११० आले तरी खुरपणी होते, पण बसायला लाकडी पाट किंवा बुटकं स्टूल घ्या. काही आठवडे अंश पुढे सरकलेच नाहीत तर भूल देऊन गुडघा मोकळा करायचं सर्जनशी बोला, स्वतः जोर लावू नका.