उत्तर: परतीचा दिवस वाया जातो का?

लक्षद्वीप पाहून झाल्यावर जहाजाने मुंबईला परतताना नुसत्या पाण्यावरचा दिवस फुकट जातो, असं इथे वर कुणीतरी लिहिलं आहे; ते मत मला अजिबात पटलं नाही. आम्हाला तोच दिवस सगळ्यात जास्त आठवतो. आई आणि मी सकाळभर डेकवर बसून होतो. उडते मासे जहाजाला घाबरून थव्याने बाहेर उसळायचे आणि लाटांवरून सरळ तरंगत जायचे. दुसऱ्या दिवशी, मुंबई जवळ येताना, मात्र पहाटेच उठा. गडद निळं पाणी आधी हिरवट आणि मग खाड्यांच्या गाळाने मातकट होत जातं. कुलाब्याच्या टोकाचं १८७५ चं प्रॉन्ग्ज दीपगृह दिसलं आणि आईने हात जोडले.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. बॅगा भरताना किनाऱ्यावर वेचलेले प्रवाळाचे तुकडे मुलांच्या खिशातूनही काढून ठेवा, खरं तर बेटावरच सोडून या. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय तिथली पांढरी वाळू मुख्यतः प्रवाळाच्याच चुऱ्याची आहे. आमच्या भाच्याने मूठभर तुकडे आणले होते, ते परत कुठे टाकणार? अजून वाईट वाटतं.