खंबाटकीत मान टाकणारी गाडी

बी-५०३ कानिटकर: नमस्कार मंडळी. गाड्यांतलं कळणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. गाडी २०११ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. परवा साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकीत अर्ध्या चढावर पिकअप एकदम गेला. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी नुसते गचके. फर्स्टवर कशीबशी कडेला घेतली. पंधराएक मिनिटं बोनेट उघडं टाकून उभे राहिलो, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न. मग चालू केली तर उरलेला घाट झक्कास चढली. हे आधीही झालंय. आणि गॅरेजला नेली की शहाण्या बाळासारखी चालते.

बी-१०२ शिंदे: पेट्रोल. दुसरं काही नाही. ते २० टक्के इथेनॉल जुन्या गाड्यांची वाट लावतंय.

सी-४०१ पाटील: प्लग बदल रे. माझ्या गाडीला सेम झालेलं.

ए-२०३ देशमुख वहिनी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

बी-१०२ शिंदे: एअर फिल्टरपण बघा

सी-४०१ पाटील: नाहीतर विकून मोकळा हो. १५ वर्षं होत आली. पुन्हा पासिंग, पर्यावरण कर... कशाला?

बी-५०३ कानिटकर: प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन. मागच्या वर्षी गॅरेजवाल्याने टाकीतला फ्युएल पंपही बदलला. त्यानंतर काही महिने ठीक होती. आता म्हणतो प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल बदलू. विकायची नाहीये, बाबांनी घेतलेली गाडी आहे.

ए-७०१ मेहेंदळे काका: कॉइल अजिबात बदलू नकोस. आधी मला सांग. इंजिन बंद पडतं, की चालू राहून दम तोडतं? त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे विझतात का? आरपीएमचा काटा काय करतो?

ए-७०१ मेहेंदळे काका: आणि कात्रजच्या चढाला काय झालं?

बी-५०३ कानिटकर: बंद नाही पडत काका. दिवे, रेडिओ सगळं चालू. काटा हळूहळू खाली येतो, गाडी जशी मंदावते तसा. आणि हो, कात्रजचा चढ काहीही न होता चढली! चेक इंजिनचा दिवा लागला नाही.

ए-७०१ मेहेंदळे काका: मग बरीच नावं यादीतून गेली. दिवे विझले असते तर बॅटरीचं टर्मिनल नाहीतर इग्निशन स्विच धरला असता. इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर तापल्यावर दगा देतो, पण त्यात काटा धाडकन शून्यावर येतो आणि इंजिन बंद. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) पंधरा मिनिटं उभं राहून मोकळा होत नाही. राहता राहिलं पेट्रोल कमी पोचणं किंवा ठिणगी कमी पडणं. कात्रजलाही चढ, खंबाटकीलाही चढ. फरक एवढाच की कात्रजला गाडी घरून नुकती निघालेली असते आणि खंबाटकीला तास-सव्वा तास चाललेली असते. काहीतरी तापतंय.

बी-१०२ शिंदे: काका, पेट्रोल कमी पोचतंय म्हणजे पेट्रोलचाच दोष ना?

सी-६०२ ऋता: शिंदे काका, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज घटतं हे खरं. २०११ च्या गाडीचे रबरी पाइप, सील खराब होऊ शकतात हेही खरं. पण मायलेज पंधरा मिनिटांची विश्रांती घेऊन परत येत नाही. टाकीत पाणी उतरलं असतं तर सकाळी स्टार्टलाच त्रास झाला असता.

बी-१०२ शिंदे: बरं 🙏

सी-६०२ ऋता: दादा, पुन्हा झालं तर टाकीचं झाकण सैल करून बघाल का? हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीचा श्वास कोंडतोय.

बी-५०३ कानिटकर: ते मागच्या वेळी एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं. उघडलं, आवाज नाही, फरक नाही.

सी-६०२ ऋता: मग रविवारी माझा ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवतो) लावून दिवे घाटात जाऊ. आधी तासभर गाडी फिरवू. मल्टिमीटरपण घेते. गॅरेजमध्ये गार गाडीला काही सापडणार नाही, बिघडलेल्या अवस्थेतच पकडायला हवी.

सचिव: सदस्यांनी नोंद घ्यावी, उद्या टँकर सकाळी ६ ऐवजी ८ वाजता येईल. गाड्यांची चर्चा चालू द्या, पण सूचना वर जातात.

*(रविवार)*

सी-६०२ ऋता: पकडली! दिवे घाटात वरच्या वळणाजवळ. सुरुवातीला पूर्ण अॅक्सिलरेटरवर एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर ०.८५ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण हवं तसं. दम गेला त्या क्षणी ०.१ वर आला. हवा जास्त, पेट्रोल कमी.

ए-७०१ मेहेंदळे काका: थांब. ठिणगी चुकली तरी न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो आणि सेन्सर हेच दाखवतो. एवढ्यावर कॉइल सुटत नाही.

सी-६०२ ऋता: बरोबर काका, तेच मनात होतं. पण एखादी कॉइल गेली असती तर एकच सिलिंडर मिस झाला असता, गाडी आयडलला, म्हणजे उभ्या उभ्या नुसतं इंजिन चालू असताना, थरथरली असती. इथे आयडल एकदम स्मूद, दाबलं की सगळं इंजिनच ढिलं. म्हणून तिथेच कडेला घेऊन मागची सीट उचलली, पंप तिच्याखालीच टाकीत आहे. इंजिन चालू, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. पंपाच्या तारांवर १०.१!

ए-७०१ मेहेंदळे काका: शाब्बास!! बाकीचे व्होल्ट कुठे गेले?

सी-६०२ ऋता: अर्थिंगच्या बाजूला ०.१. बॅटरीपासून पंपाच्या कनेक्टरपर्यंतच्या (वायर पंपाला जोडणारा प्लास्टिकचा जोड) वायरमध्ये ०.३. उरलेले ३.४ सगळे त्या एका कनेक्टरमध्ये. हात लावला तर चटका बसला. एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय. फोटो टाकते.

सी-४०१ पाटील: बापरे. हे टाकीच्या वर??

बी-५०३ कानिटकर: हो. आणि आई नेमकी तिथेच बसते.

ए-७०१ मेहेंदळे काका: आता सगळं जुळलं. पंप नवा बसवला, कनेक्टर तोच जुना ठेवला. पिन सैल पडलेली, तिथे करंट अडतो, पिन तापते, तापली की आणखी अडतो. तासाभरात पंपाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. पंप फिरतो, पण ढकलतो कमी. सपाटीला इंजिनला लागतंच थोडं, म्हणून कळत नाही. घाटात फूल अॅक्सिलरेटरला इंजिन कितीतरी जास्त पेट्रोल मागतं, तिथे उघडं पडतं. उभं राहिलास, पिन गार झाली, गाडी परत ताजी. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आम्ही इतक्या पिनी बघितल्या की वासावरून ओळखायचो.

सी-४०१ पाटील: मग गॅरेजवाल्याला का नाही सापडलं?

ए-७०१ मेहेंदळे काका: तो गार गाडीला स्कॅनर लावतो आणि कोड (बिघाडाची नोंद) नाही म्हणून परत देतो. कॉम्प्युटरला मिश्रण पातळ आल्याचा कोड टाकायला ते बराच वेळ तसं राहावं लागतं. ही तर दहा-पंधरा सेकंदांत कडेला. पंप बदलला तेव्हा कनेक्टर त्याच्या हातात होता, तेवढं मात्र दिसायला हवं होतं.

बी-५०३ कानिटकर: पंप परत बदलायचा का?

ए-७०१ मेहेंदळे काका: कशाला? नाना पेठेत जा, जुना कनेक्टर बरोबर ने, वायरसकट नवा जोड मागून घे. पंपाच्या बाजूची पिनही बघ, काळी पडली असेल तर तो वरचा भागही लागेल. पीळ मारून टेप गुंडाळू देऊ नकोस, नीट क्रिंप करायला, म्हणजे टर्मिनल दाबून घट्ट बसवायला लाव. टाकीवर सोल्डरिंग नको. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, चारी दारं उघडी. आणि तोवर आईला त्या गाडीत बसवू नकोस. घाट तर नाहीच.

बी-५०३ कानिटकर: रिक्षाने जातो काका.

*(गुरुवार)*

बी-५०३ कानिटकर: नवा कनेक्टर बसला. मजुरी धरून कॉइलच्या निम्म्या खर्चातच काम झालं. ऋताने तासभर गाडी चालवून मोजलं, बॅटरीवर १३.९, पंपावर १३.४. दिवे घाट थर्डवर चढली.

सी-६०२ ऋता: कनेक्टर कोमट होता, चटका नाही. महिन्याने एकदा परत हात लावून बघा दादा.

सी-४०१ पाटील: काका, माझा एसी सिग्नलला गरम हवा फेकतो, चालू लागलो की ठीक. गॅस भरू का?

ए-७०१ मेहेंदळे काका: आधी पुढचा पंखा फिरतो का बघ. संध्याकाळी गाडी खाली आण.

सचिव: पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये नको.